वाघोबाची तवसोळी

सुनीलने श्रीलंकेची चार तिकिटं काढली. त्यातलं एक माझं. मी गेलो नाही.

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं नात्यातले काही जण बोलले म्हणे. बोलू दे.

माझी बायको मंदा आषाढात गेली. घरात माणूस गेलं की आमच्यात वर्षभर सण करत नाहीत. खरं सुतक तेरा दिवसांचं, पण आमच्या चाळीत त्या अख्ख्या वर्षालाच सुतक म्हणतात. दसऱ्याला दाराला तोरण लागलं नाही, कोजागिरीला दूध आटवलं नाही. दिवाळी जवळ आली तेव्हा माझा मुलगा सुनील, सूनबाई अस्मिता आणि नात इरा मुलुंडहून आले. मी बोरिवलीला राहतो, नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून असलेल्या चाळीत. लग्न करून आणलं तेव्हापासून मंदा इथेच होती, म्हणून मीही इथेच आहे.

अस्मिता म्हणाली, "बाबा, यंदा आपल्याकडे दिवाळी नाहीच ना. घरात बसून नुसती तोंडं बघायची का? फिरून येऊ."

"कुठे?"

सुनीलने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. झाडाच्या फांदीवर एक बिबट्या चारी पाय खाली सोडून झोपला होता आणि खाली उघड्या जीपगाड्यांची लाईन लागली होती. "श्रीलंका. तिकडे एक नाही, बरीच नॅशनल पार्कं आहेत. हत्ती, अस्वल, बिबट्या. सफारी, बाबा. खास तुमच्यासाठी शोधलंय."

"आजोबा, तिकडे गाडीला जाळी नसते," इरा म्हणाली. "डायरेक्ट बघायचं."

"आणि बेट आहे," सुनील म्हणाला. "चारी बाजूंना समुद्र."

"मग हे काय आहे रे? आपण राहतो ते बेटच की. साष्टी. वसईच्या खाडीपासून माहीमच्या खाडीपर्यंत पाणीच पाणी. त्या बेटावर नॅशनल पार्क, त्यात सफारी. आणि तिथे जन्मभर गाडी कोणी चालवली?"

"तुम्ही. म्हणून तर म्हणतो, आता एकदा मागच्या सीटवर बसा."

चांगलं बोलला. पोरगा वाईट नाही. माझं मन पण जरा हललं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, कधी निघायचं. तो म्हणाला, वसुबारशीच्या आदल्या दिवशी. तेव्हा मी नाही म्हटलं.

कारण वसुबारशीला मंदा पार्कातल्या वाघोबाला तवसोळी न्यायची. जून काकडीचा कीस, गूळ, तांदळाचा रवा आणि खोबरं घालून निखाऱ्यावर भाजलेला तो आमच्या मालवणचा गोड पदार्थ. ती इथे आली तेव्हापासून एका वर्षी सुद्धा तिचं चुकलं नव्हतं. यंदा ते चुकणार होतं. मला ते चुकू द्यायचं नव्हतं. एवढंच होतं सगळं.

तसं सांगितल्यावर अस्मिता हळूच म्हणाली, "बाबा, सुतकाच्या वर्षात देवाला नैवेद्य नसतो दाखवत. आईंना सुद्धा चाललं नसतं."

"तिला काय चाललं असतं ते मला सांगू नका."

"बाबा!" सुनील ओरडला.  जाताना अस्मिताने माझ्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. ती पण वाईट नाही. पण मी नाही म्हणजे नाही.

ते गेल्यावर मी गॅलरीत उभा राहिलो. तिथून कुंपण दिसतं, कुंपणाच्या पलीकडे साग आणि ऐन, आणि त्याच्या मागे चढ. वारा तिकडून आला की पानांचा वास येतो. आश्विनात तो सुकत आलेल्या गवताचा असतो, जरा गोडसर. श्रावणात कुजलेल्या लाकडाचा आणि तेरड्याचा. मे महिन्यात नुसती गरम माती. डोळे बांधून मला इथे आणून उभा केलात तरी मी महिना सांगेन.

आणि सफारीचा वास वेगळा. आमची गाडी म्हणजे छोटी बस, खिडक्यांना बाहेरून जाळी. पावसाळ्यात जाळीचा गंज हाताला लागायचा. उन्हाळ्यात जाळीची सावली माणसांच्या अंगावर पडायची, अख्ख्या बसने बारीक चौकड्यांचे शर्ट घातल्यासारखी. आत डिझेल, पोरांनी सांडलेले वेफर्स, कुणाच्या तरी केसातला मोगरा. पहिलं फाटक उघडायचं, गाडी आत घ्यायची आणि थांबायचं. मागचं फाटक बंद झाल्याचा आवाज आला की मगच पुढचं उघडायचं. त्या दोन फाटकांच्या मधे गाडी गप्प व्हायची. कॉलेजच्या पोरांची कितीही मस्तीखोर टोळी असू दे, तिथे तोंडं बंद. मंदा गेल्यापासून मला तसंच वाटतं. मागचं फाटक लागलंय, त्याचा आवाज मी ऐकलाय. पुढचं उघडायला माणूस नाही.

पुढचं उघडलं की पहिल्यांदा वाघाचा वास. वाघ झुडपावर धार मारतो ना, त्याला शिजत्या भाताचा वास असतो. आंबेमोहोर चुलीवर असावा तसा. मी घरी येऊन मंदाला सांगितलं तर ती हसली. "वाघाक भाताचो वास? तुमका भूक लागलेली, दुसरा काय नाय." मग ताट वाढायची. तिने मरेपर्यंत त्यावर विश्वास ठेवला नाही.

सिंह दुपारी झोपलेला असायचा. दुपारी माणूस पण झोपतो. पण गाडीत बसलेल्या लोकांना ते पटत नाही. "ओ ड्रायव्हर, हॉर्न मारा ना! उठवा त्याला, यार!" मी म्हणायचो, "तुमच्या घरी येऊन दुपारी हॉर्न मारू काय?" माझ्या तक्रारी व्हायच्या. होऊ दे. मी हॉर्न कधी मारला नाही.

मंदा पार्काच्या गेटावर टोपली घेऊन बसायची. थंडीत बोरं आणि आवळे, उन्हाळ्यात कैरी, आणि काकडी जवळजवळ वर्षभर. काकडीचं डोकं कापायची, तोच तुकडा कापलेल्या जागी गोल गोल घासायची. पांढरा फेस यायचा, तो पुसायची, मग चार फाका करून मधे तिखट-मीठ. "कडूपणा डोक्यात आसता, घासून काढूचो लागता," असं गिऱ्हाइकाला सांगायची आणि माझ्याकडे बघायची. गिऱ्हाईक हसायचं. मी पण हसायचो, काय करणार.

एक म्हातारा सिंह होता. त्याचं तिथलं नाव वेगळं होतं, मंदाने ठेवलेलं नाव भावोजी. "तुमी माज्यापेक्षा तेच्यावांगडाच जास्त आसतात," म्हणायची. त्याच्याबरोबरच जास्त असता, म्हणजे तो माझा भाऊ आणि तिचा दीर. संध्याकाळी पाय धुवून आत आलो की पहिला प्रश्न, "भावोजी जेवले?" मी म्हणायचो, जेवले. "किती?" आता सिंहाने किती खाल्लं ते मला काय ठाऊक! पण सांगायला लागायचं. थंडीतल्या पहिल्या फेरीला भावोजी बसच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसायचा, इंजिनाच्या उबेला. आयाळीवर दव. श्वास सोडला की समोर वाफ. मी इंजिन चालू ठेवून बसून राहायचो. मागे लोक घाई करायचे. मी म्हणायचो, "उतरा आणि सांगा त्याला तुम्हीच." कोणी उतरलं नाही.

भावोजी गेला त्या आठवड्यात मंदाने घरात मच्छी आणू दिली नाही. मालवणी बाई, आणि आठवडाभर मच्छी नाही. शेजारणीने विचारलं, कोण गेलं? मंदा म्हणाली, दीर. शेजारीण माझ्यासमोर डोळे पुसून गेली.

सोमवारी सफारी बंद. तो आमचा रविवार. एका सोमवारी, कारवी फुलली होती त्या वर्षी, मी तिला कान्हेरीच्या लेण्यांच्या वर नेली. अख्खा डोंगर जांभळा झाला होता. कारवी वर्षानुवर्षं नुसती हिरवी काटकी असते आणि मग एका वर्षी सगळी मिळून फुलते. मधमाश्यांचा एवढा आवाज की बोलायला ओरडायला लागायचं. वर गेल्यावर एका अंगाला गोराईची खाडी चमकताना दिसली, दुसऱ्या अंगाला तळ्यांच्या पलीकडे ठाण्याची खाडी. मंदा समुद्राकाठची. तिने दोन्हीकडे बघितलं, पुन्हा बघितलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हंजे आपण होडयेतच बसलेलो आसंव."

"होडीत?"

"नायतर काय. दोनय बाजूक पाणी. आणि होडयेत वाघ पण घेतलेहत." मग जरा थांबून, "पाग कोण मारता काय म्हायत."

पाग म्हणजे मासे पकडायचं जाळं, गोल फिरवून टाकतात ते. ती तशीच बोलायची. मी त्या दिवशी तिच्यासाठी कारवीची एक फांदी तोडायला गेलो तर हातावर फटका मारला. "ऱ्हवांदे. परत फुलाक किती वर्सां जातत."

बिबट्या मात्र सफारीत नसायचा. तो बाहेरचा. आमच्या चाळीच्या मागून जायचा-यायचा, अजून जातो. दिवेलागणीला गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली की मंदा दार लोटून घ्यायची आणि म्हणायची, "गेलो तो मुलुंडाक." सुनीलने मुलुंडला घर घेतल्यावर ती दाराच्या फटीतून त्याला निरोप सांगायला लागली. "जातंस तर आमच्या झिलाक बघून ये रे." मुलाकडे बघून ये म्हणून बिबट्याला. मला बोरिवलीहून मुलुंडला जायचं तर दोन गाड्या बदलायला लागतात. त्याला मधे फक्त जंगल.

ती गावाहून आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिने मला विचारलं, इथे वाघाचा देव कुठे आहे? मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावाला वाघदेवाची राई आहे, तिथलं पान कोणी तोडत नाही. तिचं म्हणणं, जिथे तो आहे तिथे त्याचा देव असणारच. तिनेच शोधला. जानकी नावाची एक वारली बाई गेटावर करांदे, म्हणजे जंगलातले कंद, घेऊन विकायला बसायची, पार्कातल्या पाड्यावरची. दोघींची गट्टी जमली. जानकीने तिला वाघोबाला नेलं. झाडाखाली उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळं शेंदराने माखलेलं. वसुबारशीला पाड्यावर वाघबारस असते. त्या बायका काकडी घालून पानात शिजवलेल्या भाकऱ्या नेतात. आणि मंदाची तवसोळी. तिकडेही काकडी, इकडेही काकडी. मंदाला वाटलं आपण माहेरीच आलो.

देवाशी तिचं काम एकच होतं. माझ्या नवऱ्याला सांभाळ. रोज दोन फाटकांतून आत जातो, रोज बाहेर येऊ दे.

मी रिटायर झालो त्या वर्षी तिने पुन्हा काकडी किसायला घेतली. मी म्हटलं, आता कशाला? गाडी सुटली, फाटकं सुटली. ती मान वर न करता म्हणाली, "रिटायर तुमी झालात. तो नाय झालो."

म्हणून मी लंकेला गेलो नाही.

वसुबारशीच्या सकाळी पोटमाळ्यावरून मंदाची लोखंडी शेगडी उतरवली. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला. बाजारातून चांगली जाड पोटाची, पिवळी पडलेली काकडी आणली होती, हळदीची पानं आणली होती. बिया काढल्या, किसली. हाताचं एक सालपट पण किसलं. गूळ घातला, भाजलेला रवा घातला, खोबरं, वेलची. पातेल्याला तूप लावून तळाला हळदीचं पान. सगळं बरोबर केलं असं मला वाटत होतं. शेगडी गॅलरीत ठेवून वारा घालत बसलो. हळदीचं पान तापलं आणि तो वास सुटला. बरेच महिने घरात वासच नव्हता, ते मला तेव्हा कळलं. शेजारचं एक दार उघडलं, कोणीतरी बघितलं, सुतकाच्या घरात गोडाचा वास, आणि दार बंद झालं. मी आणखी जोरात वारा घातला.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी आभाळ, मग कुणाचं तरी कोपर, मग झाड.

"आजोबा, बघा! बिबट्या! फांदीवर!" इरा कुजबुजत ओरडत होती.

"दिसला गं. हा आपल्या मागच्या गल्लीतला दिसतो."

"काहीतरीच काय! ठिपके बघा त्याचे."

मग सुनीलचा आवाज. "बाबा, धूर कसला येतोय? काय जळतंय?"

"काही जळत नाही. तवसोळी लावलीय."

 जीपचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. मग अस्मिताचा आवाज आला, "अहो, त्यांना म्हणावं..." आणि सुनील म्हणाला, "थांब जरा." बिबट्या पडद्यावरून गेला आणि सुनीलचं घामेजलेलं तोंड आलं, डोक्यावर टोपी. पाठ त्याने बिबट्याकडे केली होती.

"झाकणावर निखारे ठेवलेत?"

"झाकणावर?"

"बाबा, आई खाली थोडे आणि वर जास्त ठेवायची. नाहीतर खालून करपते आणि वरून कच्ची राहते. काढा खालचे. चिमट्याने! हात कशाला घालताय?"

मी चिमटा आणला. फोन पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवला. निखारे खालून काढून वर रचायला लागलो. तो तिकडून सांगतोय, अजून दोन, कडेला पण ठेवा, आता फुंकू नका. त्याच्या मागे तिथला ड्रायव्हर सारखा "सर, सर, लेपर्ड" करत होता. बिचारा. मला त्याचं दुःख कळतं.

"पान घातलंत ना तळाला?"

"घातलं."

"आणि काकडीचं डोकं घासून फेस काढलात?"

मी निखाऱ्यांकडे बघत राहिलो.

"बाबा?"

"राहिलं."

"बाबा! जन्मभर गेटावर बघत होतात ना!"

"मी गाडीत असायचो."

जीपमधे कोणीतरी फस्सकन हसलं. अस्मिता. मग तिचं ते हसणं मधेच भिजलं आणि ती म्हणाली, "बाबा, हात सांभाळा हं," आणि फोन तुटला. तिकडे जंगलात रेंज नसणार.

तवसोळी उतरवली, कडेचा एक कण तोंडात टाकला. पहिल्यांदा गोड लागला. मग घशाच्या मागून कडू वर आलं आणि बसलं. दुसरी करायला काकडी नव्हती. असती तरी केली नसती. पातेलं मंदाच्या जुन्या साडीच्या फडक्यात बांधलं आणि निघालो.

पार्कात गवत कंबरेएवढं झालं होतं, शेंड्याला पिवळं. ऊन तापायला लागलं होतं. सफारीची गाडी बाजूने गेली, आता दुसरी गाडी आहे. आतल्या पोरांनी हात केला. मीही केला, पातेलं छातीशी धरून. मंदा ही वाट चालताना मोठमोठ्याने बोलायची, त्याला आधीच कळावं आपण येतोय म्हणून. मी मनातल्या मनात बोलत चाललो होतो. मग म्हटलं, मनातल्या मनात कशाला? आणि मोठ्याने बोलायला लागलो. काय बोललो ते आमच्या दोघांतलं आहे. समोरून पळायला आलेली दोन माणसं बाजूला सरकून उभी राहिली.

वाघोबासमोर पाड्यावरच्या बायका बसल्या होत्या. जानकी मधे. पार वाकलीय आता, पण आवाज तोच.

"आला तू?" ती सगळ्यांनाच तू म्हणते. "मला वाटलं नाही येणार. मयताचं वर्ष तुझं."

"आहे."

"मग हातात काय?"

"तिची तवसोळी."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जानकी म्हणाली, "मयताच्या घरचं देवाला चालत नाही रे. तुमच्यात नाही, आमच्यात पण नाही. तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे. सुतक मला आहे. पातेलं तिचं, शेगडी तिची, देवाशी बोलणं तिचं. मी ड्रायव्हर. पोचवायला आलोय फक्त."

 झाडावर एक पोपट ओरडून गेला. माझे गुडघे दुखत होते, पण मी बसलो नाही. नाही म्हटलं असतं तरी मी हललो नसतो, हे माझ्या तोंडावर दिसत असणार. जानकीने माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, त्या साडीच्या फडक्याला हात लावला. ती साडी तिने ओळखली. मग बाजूला वळून तोंडातली मशेरी थुंकली.

"ड्रायव्हरला कसलं सुतक," ती म्हणाली आणि सरकून तिने दगडासमोर जागा केली.

मी पातेलं उघडं करून ठेवलं. "कडू झालीय," म्हटलं.

"मग?"

"मग काय. आहे ती देणार."

मंदा इथे गाऱ्हाणं घालायची. आमच्या कोकणात देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागतात आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. गावात ते काम पुरुषांचं. बाईने घालायचं नाही. मंदाने इथे येऊन घातलं, कोण अडवणार? पाड्यावरच्या बायकांना तिने व्हय म्हाराजा शिकवलं होतं. मी कधी घातलेलं नाही. मी हात जोडले आणि घसा खाकरला.

"बा वाघोबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली. मग बाकीच्या.

"आज हयसर मंदा येवक नाय. तिची तवसोळी मी घेवन इलंय."

"व्हय म्हाराजा."

"इतकी वर्सां तिना तुका ग्वाड घातल्यान. यंदा कडू आसा. मी आषाढापासून कडूच खातंय. तू एक दिस खा. काय होणा नाय तुका."

 मग जानकीचा एकटीचा आवाज, "व्हय म्हाराजा."

"तिना सगळ्यांसाठी मागल्यान, आपणासाठी मागूक नाय. ती जंय आसा थंय तिका बरी ठेव. माका सांभाळू नको, माजा मी बघून घेतंय. पण झील, सून आणि नात लांब लंकेत उघड्या गाडयेत बसलीहत. थंय झाडार तुजो भाऊबंद आसा. तेका सांग, ही मंदाची माणसां."

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्या एकदम, आणि झाडावरचे उरलेले पोपट उडाले.

नंतर प्रसाद वाटला. त्यांच्या काकडीच्या भाकऱ्या गोड होत्या. माझ्या तवसोळीचा तुकडा प्रत्येकीने घेतला, प्रत्येकीचं तोंड वाकडं झालं, थुंकलं कोणी नाही. जानकीने उरलेल्या दातांनी सावकाश चावून गिळला.

"मंदा असती तर तुला शिव्या घातल्या असत्या."

"घातल्याच असत्या."

"कुठल्या?"

मी सांगितल्या. तिच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून, तिच्यासारखी मान उडवून, एकापुढे एक. मालवणी शिव्या आहेत, इथे लिहीत नाही. पाड्यावरच्या बायका पोट धरून हसल्या. जानकी हसता हसता ठसकली, तिच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. मयताचं वर्ष, देवाचं ठाणं, आणि मी पण हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि एक शिवी राहिली होती ती पुन्हा उभा राहून घातली.